विल्सनचा डावा पाय

रविवार, १२ जानेवारी. गिरीज.

गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, तरी विल्सन डाव्या पायावर भार टाकत नाही. काल म्हणाला, गोल्फ सोडतो. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला इतक्या हळू आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आज वाडीत गोल्फची काठी घेऊन नुसते हात फिरवत होता. डावा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला. बॉल चार पावलांवर पडत होता. मला राहवेना.

"केळीच्या पाटातला गाळ फावड्याने फेकायचास, तो काय नुसत्या हातांनी?"

"आता तू माझी कोच?"

"तुझे पप्पाच ओरडायचे ना, आधी कमर, मग हात."

त्याने काठी खाली टेकवली. उगाच बोलले का मी? मग त्याने भार उजव्या पायावर घेतला. आधी कमर वळली, हात मागून आले, आणि सगळं अंग त्या डाव्या पायावर जाऊन थांबलं. तसाच उभा राहिला, न डगमगता.

"कुठे गेला गं बॉल?"

"लांब गेला," मी म्हटलं. बॉलकडे मी पाहिलंच नव्हतं.