रजेच्या अर्जाच्या चौदा प्रती

१२ जून २००६
वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पुन्हा बाकावर! वरून पत्र आलंय — संगणकाची परीक्षा पास व्हा, नाहीतर मुख्याध्यापकाची खुर्ची विसरा. म्हणून लातूरच्या या क्लासात नाव घातलं. खालच्या मजल्यावर बजरंगचं कोचिंग. औशाचा माझाच विद्यार्थी, ९४च्या दहावीचा. भिंतभर बोर्ड — ‘शिस्त, सचोटी, शंभर टक्के निकाल’. जिन्यात माझ्या पाया पडला. बरं वाटलं. वर पोचलो, तर शिकवायला वहिदा!

तीच. दहावीच्या पेपरात कॉपी केली म्हणून मी वर्गाबाहेर काढली होती ती. मार्च ९४, औशाचं केंद्र. भूकंपाला सहा महिनेही झाले नव्हते, पोरं पत्र्याच्या शेडमधून पेपरला येत होती. तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. मी अहवाल लिहिला. नियम म्हणजे नियम.

“या सर, बसा,” म्हणाली. ओळखलं की नाही, कळेना.

१३ जून
ओळखलंय! हजेरी घेताना सगळ्यांना म्हणाली, “शेषेराव सर आम्हाला गणित शिकवायचे.” एवढंच. पुढचं वाक्य येईल म्हणून तासभर घाम पुसत बसलो. आलं नाही.

१९ जून
माऊसशी झटापट. शेजारच्या मशीनवर रेणापूरच्या भामाबाई, अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. “लई चावट हाय हो हे. जा म्हणलं की येतंय!” मी हसलो. माझा बाण तर बेपत्ताच होता.

मग वहिदा माझ्यामागे येऊन उभी राहिली. “सर, स्क्रीनवर हात कशाला धरलाय? इथं कोणी तुमचं बघून लिहीत न्हाई.” खरंच की! पोरं पेपर झाकतात तसा मी डावा हात आडवा धरून बसलो होतो. कानशिलं तापली.

४ जुलै
मराठी टायपिंग. रजेचा अर्ज केला — सुबक, बिनचूक. प्रिंट दिली. काही आलं नाही. पुन्हा दिली. पुन्हा दिली. मशीन ढिम्म! शेवटी वहिदा आतल्या खोलीतून कागदांची चळत घेऊन आली. प्रिंटर आत, तिच्या टेबलाजवळ असतो म्हणे. चौदा प्रती!

“सर, चौदा दिवसांची रजा पाहिजे का?” अख्खी बॅच हसली. भामाबाई तोंडाला पदर लावून. मीही हसलो, काय करतो!

५ जुलै
एवढे कागद वाया गेले, तरी ती रागावली नाही. मी पोराला तासभर उभं केलं असतं.

२२ जुलै
परीक्षा झाली. एका प्रश्नाला अडलो. मान कधी वळली ते कळलंच नाही — भामाबाईंच्या स्क्रीनकडे. मागून हळूच आवाज. “सर, मान सरळ.”

माझंच वाक्य! तीस वर्षं वर्गात फिरताना मी हेच म्हणत आलो. वाटलं, संपलं. आता उठवणार, अहवाल लिहिणार. ती पुढे निघून गेली. उत्तर मात्र मला दिसलं होतं. तेच दिलं. सिंधूला यातलं काही सांगितलं नाही. बायकोसमोर तरी गुरुजी राहू दे.

८ ऑगस्ट
पास! एकसष्ट. भामाबाई चौऱ्याहत्तर — म्हणजे बघितलेलं बरोबर असणार.

पेढे घेऊन गेलो. वहिदाने स्वतः अर्धा मोडून घेतला, अर्धा मला दिला. म्हणाली, “सर, एक सांगू? ती चिठ्ठी माझी नव्हती. अब्बांनी शाळा सोडवली. तीन वर्षं मी शिलाई मशीनवर बसले, मग बाहेरून दहावी दिली. लई दिवस तुमचा राग यायचा. आता न्हाई. चिठ्ठी कोणाची, हे तुम्हाला तरी कसं कळणार? तुमचा काय दोष!”

मी मान हलवली. माझा अर्धा पेढा खिशात घातला.

९ ऑगस्ट
बजरंगचा फोन. पंधरा ऑगस्टला त्याच्या क्लासात गुरूंचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि पोरांपुढे माझं भाषण. विषय त्यानेच ठरवलाय — परीक्षेतली सचोटी. “सर, तुमच्याशिवाय कोण बोलणार?”

हो म्हणालो. मला लाज कशी वाटत नाही!

११ ऑगस्ट
क्लास संपलाय, तरी गेलो. सराव करतो म्हणून मशीन मागितलं. तीन ओळींना पाऊण तास लागला.

‘चि. वहिदा, ती चिठ्ठी बजरंगने तुझ्या बाकाखाली सरकवली. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो संस्थेच्या सचिवांचा पुतण्या होता, म्हणून तुझं नाव लिहिलं.’

प्रिंट दिली. एकदाच. प्रिंटर कुठे असतो ते मला ठाऊक होतं.