व्याह्यांचं रक्त

प्रिय शिवगंगा,

आशीर्वाद. यंदा कारखान्याचा हंगाम जोरात आहे, त्यामुळं माझ्या गॅरेजात ट्रॅक्टरांची रीघ लागलीय. परवा वजनकाट्यापाशीच एकाच्या खाली आडवा पडलो होतो, पण कान उघडे. तुझे सासरे बंडप्पा माकणीहून ऊस घेऊन आलेले, आणि रांगेतल्या लोकांपुढं त्यांचं कीर्तन सुरू. ‘माझ्या सुनेनं माझं रक्त मुंबईला नेलं. पोटातल्या गर्भाच्या रक्तात असतो तसला पदार्थ माझ्यात निघाला म्हणं! म्हाताऱ्यात त्याचं काय काम? तपासलं तर लिव्हरला सुपारीएवढी कॅन्सरची गाठ. दुखत न्हवतं, खुपत न्हवतं. कापून टाकली, आन् हा बगा, उभा हाय.’ कुणीतरी म्हणालं, ‘लई नशीबवान, अशी सून मिळाली.’ व्हय म्हणाले. सून कुणाची लेक, हे एकानंही विचारलं न्हाय. मी पाना मुद्दाम जोरात आपटला.

माणूस वाचला, सोन्यासारखं झालं. धुरपदाबाई विहीणबाई डोळे पुसत बोलल्या तेव्हा मीही देवापुढं साखर ठेवली. पण पोरी, जळतंच. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मग इंजिनाचं काम शिकलो, तेव्हा कुठं तू लॅबोरेटरीत उभी राहिलीस. हेच बंडप्पा तेव्हा म्हणायचे, ‘पोरीला काय कलेक्टर करताय का?’ आणि गेल्या संक्रांतीला तू थेट माकणीला गेलीस, त्यांची जुनी कावीळ आठवून दंडातून रक्त काढलंस. ढोकीला आलीस ती नुसता तिळगूळ द्यायला. मी बाही वर सारून बसलो होतो. तू विचारलंस, ‘आप्पा, उकडतंय का?’

गेल्या महिन्यात कारखान्यावर रक्तदानाचं शिबिर झालं. नारळ फोडायचा मान कुणाला, तर बंडप्पांना. मग मीही पहिल्याच खाटेवर जाऊन पडलो. त्यांना आता रक्त देता येत न्हाय, मला येतं, एवढं तरी चारचौघांनी बघावं. त्यांच्याकडं बघत, मूठ उघडमीट करत बाटली भरली.

ती बाटली कुणालाच चढवली न्हाय. शिबिराचे डॉक्टर गॅरेजवर आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुमच्या रक्तात काविळीचा विषाणू मुरलेला आहे. त्यानं पुढं कधी लिव्हरला गाठ होऊ शकते. लगेच भिऊ नका. पण बंडप्पांची झाली ती तपासणी तुम्हीही करा, आणि पुढंही करत राहा.’ तुझ्या आईला अजून सांगितलं न्हाय. दुसऱ्याच्या इंजिनातली बारीक खरखर मला लांबून ऐकू येते. स्वतःच्या बरगडीखाली हात दाबून बसतो, तर काही कळत न्हाय. भ्या वाटतं गं. संक्रांतीला सुई घेऊन ये, आणि एस.टी.तून आधी ढोकीला उतर. निकाल कसाही येऊ दे, माकणीला कळायच्या आधी मला कळव.

तुझाच,
आप्पा