मातीचा रिपोर्ट उत्तम आहे

२ फेब्रुवारी
लॉन पिवळं. मधे मधे टक्कल. आज ही म्हणाली, उपटून टाका आणि फरशी घाला, कपडे तरी वाळतील. मी साफ नकार दिला. रिटायर झाल्यापासून या घरात माझ्या अखत्यारीत एवढंच डिपार्टमेंट उरलंय. तेही गेलं तर दिवसभर करू काय? शेवटी तह झाला. एप्रिलअखेर हिरवं झालं तर लॉन, नाहीतर फरशी. हिरवं होणारच.

३ फेब्रुवारी, सकाळी
मी शास्त्रशुद्ध चालणारा माणूस. आधी माती तपासायची. लॅबला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, लॉनमध्ये आठ-दहा ठिकाणी वीतभर खणा, सगळी माती एकत्र कालवा, सावलीत वाळवा आणि त्यातली पिशवीभर पाठवा. बाई नवीन असाव्यात.

५ फेब्रुवारी
चार ठिकाणी खणलं. कंबर धरली. निघालं काय, तर विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि एक वाकडा चमचा. ही गॅलरीतून म्हणाली, घर बांधताना मिस्त्री तिथेच माल कालवायचा. म्हटलं, ते लॅब बघेल.

६ फेब्रुवारी
अंघोळ करताना सुचलं. असली माती परक्या लोकांपुढे ठेवायची कशी? जन्मभर ऑफिसात इन्स्पेक्शनं पाहिली. साहेब येणार म्हटलं की चांगल्या फायली वर, बाकीच्या कपाटामागे. ही फसवणूक नाही, मॅनेजमेंट आहे. शिवाय सगळी माती कालवली की चांगल्या मातीवर अन्याय होतो.
ही भाजी आणायला गेली होती. हिच्या गुलाबाच्या मोठ्या कुंडीतली माती काढली. काळी, भुसभुशीत. खड्डा पडला तो लॉनमधली ढेकळं टाकून बुजवला, वर पाणी शिंपडलं. कुणाला पत्ता नाही. पार्सल रवाना.

१९ फेब्रुवारी
रिपोर्ट आला! माती उत्तम. कशाचीही कमतरता नाही, काहीही घालू नये. फ्रिजवर चिकटवला. हिने दोनदा वाचला. शेजारच्या वकिलांचं लॉन नुसतं दिखाऊ हिरवं आहे. त्यांना मुद्दाम चहाला बोलावून रिपोर्ट दाखवला. ते कप हातात धरून बराच वेळ माझ्या लॉनकडे बघत राहिले. जळले असणार.

१० मार्च
काही घालू नये म्हटलंय, म्हणून काही घालत नाही. खताचं पोतं उगाच पडून होतं, ते वकिलांना देऊन टाकलं.
लॉन आणखी पिवळं. मातीचा दोष नाही हे तर सिद्धच झालंय. म्हणजे गवतातच खोट. बी विकणाऱ्याला फोन करून अख्खा रिपोर्ट वाचून दाखवला. त्याने मधेच फोन ठेवला. निरुत्तर झाला.

२ एप्रिल
गुलाबाने मान टाकलीय. ही सकाळपासून कुंडीपाशी. मी म्हटलं, कीड असेल. तिने सांगितलं, आईच्या घरून आणलेली शेवटची फांदी होती ती. हे तिने मला आधीही सांगितलं असणार. जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

१४ एप्रिल
भानगड. हिने कुंडीपाशी बोलावलं. गुलाबाच्या बुंध्याशी गवत! दाट, मऊ, हिरवंगार. वकिलांच्या तोंडात मारेल असं. माझं भानच सुटलं. म्हणालो, "बघ, माझ्या गवतात दम आहे म्हणत नव्हतो?"
ती शांतपणे म्हणाली, "अहो, पण तुमचं गवत माझ्या कुंडीत आलं कसं?"
मी पाणी प्यायला आत गेलो. नेमका फ्रिजपाशी. ती मागोमाग आली, रिपोर्ट पुन्हा सावकाश वाचला. "म्हणजे हा माझ्या मातीचा आहे," म्हणाली. मग अलगद सोडवून आपल्या कपाटात ठेवला.

१२ मे
फरशी झाली. कपडे छान वाळतात, कबूल. गुलाब तिने नव्या मातीत हलवला. एक फुटवा आलाय. मला इतकं हायसं वाटलं की दोनदा जाऊन पाहून आलो. जुनी कुंडी तिने गवतासकट मला देऊन टाकली. रागावली असती तर बरं झालं असतं.
कात्रीने कटिंग केलं. प्रगती समाधानकारक. दुपारी चादरींची सावली पडायला लागली, म्हणून लॉन उचलून उन्हात ठेवलं.