गार यंत्राचा वारस

मी, मॉरीन एडिथ थॅक्रे, राहणार वॉकली, शेफील्ड, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. फुप्फुसांचे सांगवत नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर व बँकेतील शिल्लक भाची जॅनेट हिला द्यावी. आमच्या 'पेपर फर्नेस' बँडचे एकही गाणे तिने पुरते ऐकलेले नाही, पण रविवारचे जेवण घेऊन न चुकता तीच येते.

२. खांद्यांत उशा भरलेला चंदेरी कोट इथल्या हौशी नाटकमंडळीला द्यावा. तो घालून मी टीव्हीवर, मागे टेप वाजत असताना, वायर न जोडलेल्या यंत्रावर बोटे नाचवली. तेव्हा सगळेच तसे करत.

३. बँडचे नाव देण्याचा अधिकार मला नाही. आमचा गायक नेव्हिल ऑलरॉइड ते वकिलाकरवी स्वतःच्या नावावर करून बसला आणि भाडोत्री पोरे घेऊन गावोगाव गातो. याचा मला अजून राग आहे. तो मी कोणालाही देऊन जात नाही.

४. नाव त्याच्याकडे, आवाज माझ्याकडे. माझा जुना सिंथेसायझर, म्हणजे विजेवर चालणारी सुरांची पेटी, तापल्यावरच सुरात येतो. आमचे गाजलेले गाणे आम्ही घाईघाईत, तो गार असतानाच ध्वनिमुद्रित केले. सूर किंचित उतरलेला राहिला आणि लोकांनी तोच डोक्यावर घेतला. मग प्रत्येक कार्यक्रमात त्या गाण्यासाठी मी तो ऐनवेळी चालू करत असे. नेव्हिलच्या नव्या यंत्रांना ते साधत नाही. हा सिंथेसायझर नेव्हिलला द्यावा. त्याने तो दुरुस्त करून घेतल्यास जॅनेटने परत आणावा.

५. हे कलम आत्ता वाढवत आहे. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम नेव्हिललाच बोलावले. आपल्या वाट्याला काही नसणार, या खात्रीने तो पेन उघडूनच बसला. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, सही केलीस तर सिंथेसायझर गेला, असे मी त्याला सांगितले.

"म्हणजे तो मला ठेवलायस?"

"सही कर, म्हणजे सुटलास."

त्याने पेन बंद केले.

"मेल्यावर कशाला देतेस, मॉरीन? आत्ता वाजव. मी गातो."

मला फार बरे वाटले, हेही नोंदवून ठेवते. शेजाऱ्यांना बोलावले आहे. नेव्हिलने बटण दाबले आहे. यंत्र तापायच्या आत मला उठायला हवे, म्हणून इथेच सही करते.

मॉरीन एडिथ थॅक्रे
वॉकली, शेफील्ड
६ मार्च २०१९

साक्षीदार:
डोरीन पिकरिंग, शेजारीण
अर्नेस्ट स्टॅनिफर्थ, कोपऱ्यावरचे तळलेल्या मासे-बटाट्यांचे दुकानदार

मॉरीनने आम्हा दोघांसमोर सही केली. आमच्या सह्या तिच्यासमोरच, पण गाणे संपल्यावर झाल्या.