मुक्ताच्या वतीने शाल

सोलापूर, रविवार संध्याकाळ

आज नवी पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आमच्या मुक्ताचा सत्कार केला. ती लंडनला, म्हणून शाल माझ्या खांद्यावर. क्षयरोगावरच्या कामासाठी तिला तरुण संशोधकांचा पुरस्कार मिळालाय. ‘तिच्या वतीने वडिलांनी सत्कार स्वीकारला’, हे वाक्य वार्ताहर म्हणून मी किती वेळा लिहिलं असेल! त्या वडिलांना घरी जाताना काय वाटतं, हे एकदाही विचारलं नाही. विद्वानाला सर्वत्र मान, असं संस्कृतात घोकलं होतं. त्याचा बाप शाल घेऊन एकटा रिक्षात बसतो, हे लिहायचं सुभाषितकारांकडून राहून गेलं.

घरी येताच फोन लावला. “डॉक्टरीणबाई, तुमची शाल लई गरम हाय. कधी नेताय?”

ती हसली. मग हळूच म्हणाली, “बाबा, पुरस्कारामुळे इथलं काम वाढलंय. आणखी काही वर्षं तरी इथंच.”

“अगं, उत्तमच की!” मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्यानं.

फोन ठेवल्यावर सुनंदा चिडली. “नुसती शाल शाल! बायकोसमोर रोज कुढता, लेकीला ‘ये’ म्हणायला काय झालं होतं?”

काय झालं होतं? एकदा म्हटलं असतं, तर सगळं सोडून आली असती ती. म्हणूनच.