बाबाच्या टोपीतली पट्टी

सागर,

मी वडनेरले तुह्या आत्याले आणाले चालली. उद्या तेरवीले तुह्या डोक्यावर बाबाचीच काळी टोपी घालाची हाये. काल तू ती ओली करून उन्हात काऊन ठेवली? आतली चामड्याची पट्टी कडक झाली. बोटानं थोडं खोबरेल जिरव अन् टोपी सावलीत उलटी ठेव.

पट्टीमांग कागदाच्या घड्या हायेत. दवाईनं बाबाचे केस गेले, टोपी ढिली होऊन कपाळावर उतरे, म्हणून मी एकेक घडी घालत गेली. दिवाळीले तू आला तवा एकच होती. मंग बाबा असेपर्यंत तू आलाच नाही.

तुले टोपी तंग होईन. घड्या काढ, पण फेकू नको. माह्या हाती दे.

आई