विनाशिका बुडत नाही

१२ नोव्हेंबर १९४१, भोर.
बंडू मुंबईला गेला. आरमारात. सौ.चा धाकटा भाऊ, एकुलता. इथं संस्थानच्या कचेरीत कारकुनी मिळत होती. मीच म्हटलं, कारकुनी कोणीही करतं, तू डिस्ट्रॉयरवर जा. सौ. रडली. तिला सांगितलं, तुझा नवरा हायस्कुलात भूगोल शिकवतो, विचार करूनच बोलतो. मी समुद्र पाहिलेला नाही हे तिनं मध्येच काढलं. काय संबंध?
निश्चय : चहा बंद. त्या वेळात डिस्ट्रॉयरचा अभ्यास.

२३ नोव्हेंबर. रविवार.
भाटघरच्या धरणावर जाऊन मोठं पाणी बघून आलो. समुद्राची कल्पना आली. चालून घसा सुकला, चहा घ्यावा लागला.
शाळेच्या नाटकाचा जुना पडदा मिळाला. त्याच्या पाठीवर डिस्ट्रॉयरचा तक्ता काढतो आहे. मराठी नाव ठेवलं : विनाशिका. सौ. म्हणते, तिन्हीसांजेला घरात हा शब्द नको.

३० नोव्हेंबर.
तक्ता पूर्ण. सुरेख झाला. अंगानं लांब, सडपातळ. पुढंमागं तोफा, मध्ये टॉर्पेडोच्या नळ्या, शेपटीकडे दारूची पिंपं. ती पाण्यात लोटायची, खोल जाऊन फुटतात, पाणबुडी खलास. आणि स्पीड! ताशी चाळीस मैल. आपली पुण्याची मोटार कात्रजच्या चढावर बैलगाडीच्या मागं राहते.
चिलखत नाही. वजन नाही म्हणून तर वेग.
सौ.नं विचारलं, मग पत्रा किती जाड? म्हटलं, बेताचा. म्हणाली, तव्याएवढा? म्हटलं, तव्यापेक्षा जाड. थोडा.
भाकरी करपली.

११ डिसेंबर.
मलायाजवळ इंग्रजांच्या दोन अजस्र युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. वाचनालयात सगळ्यांचे सुतकी चेहरे. मी निश्चिंत. अवजड तेच बुडतं, चपळ निसटतं, हा माझा सिद्धान्त खरा ठरला. घरी जाऊन आनंदानं सांगितलं. सौ. जेवली नाही. पित्त असावं.

१८ जानेवारी १९४२.
बंडूचं कार्ड. बोटीचं नाव लिहायला बंदी. 'बोट चपळ आहे. मी बॉयलरपाशी असतो. फार उकडतं.' चपळ! म्हणजे डिस्ट्रॉयरच! सबंध आळीत सांगून आलो. परत आलो तर सौ. कार्ड हातात घेऊन तशीच बसलेली. 'फार उकडतं' यावर बोट.

८ फेब्रुवारी, वेल्हे.
विनाशिकेवर लेक्चर, पोरांनी आरमारात जावं म्हणून. काही बैलगाडीनं, काही पायी, तक्ता खांद्यावर. पाय सुजले, पण सभा जिंकली. तिथले जाणते म्हातारे चिमाजी यांनी गाव गोळा केलं होतं. त्यांनी शंका काढली, "आत येवडा जाळ, मास्तर, आन् बाहीर यायची वाट कंची?" म्हटलं, बाहेर यायची वेळच येत नाही. लोक हसले. तक्त्यात वाट काढायची राहिली आहे खरी.
गेनू म्हणून एक पैलवान गडी लेक्चर संपताच पुढं आला. "म्या जातो मास्तर. भनीचं लगीन उरकलं की निगतोच. कुठं जायाचं तेवढं सांगा." मुंबईचा पत्ता दिला. त्याची आई धोंडाबाई विधवा आहे. तिनं माझ्या पायांकडं बघत विचारलं, "योक पोर हाय माजं. बुडत न्हाई न्हवं ती?"
बुडत नाही, म्हटलं. लेक्चरचा इतक्या लवकर परिणाम! आता तालुकावार दौरा काढायचा.

१ मार्च.
सिंगापूर पडलं. रंगूनचंही खरं नाही म्हणतात. बंडूचं पत्र नाही. सौ.ला समजावलं, इतक्या वेगानं जाणाऱ्या बोटीला टपाल गाठणार कसं? तिनं विचारलं, एवढ्या वेगानं ती कुणापासून पळते आहे?
बायकांना टेक्निकल विषय समजत नाहीत.

१२ एप्रिल.
पत्र नाही. सिलोनवर विमानं आली होती म्हणे. सौ. आता काही विचारत नाही. तिनं विचारावं म्हणून मीच दोनदा खाकरलो. तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला. धूळ बसते.
चहा वाढला आहे. महिनाअखेर बघू.

३ मे.
बंडू आला. उजव्या बाजूची मान, कान, हात सगळं पोळलेलं, कातडी गुलाबी. बाहेरच्या खोलीत बसला, दार लावू देत नाही.
विचारलं, स्पीड किती होता?
"पस्तीस नॉट, म्हणजे ताशी चाळीस मैलच, भावोजी. तुमचं बरोबर होतं." मग आपणहून म्हणाला, "बॉम्ब लागलाच नाही. शेजारी पाण्यात पडला. तेवढ्यानं पत्रा फाटला, वाफेचा नळ फुटला. खाली आम्ही पाच जण होतो."
बाकीचे, असं मी म्हणणार होतो. सौ.नं माझ्याकडं पाहिलं. ती त्याच्या मानेला खोबरेल लावत राहिली.

४ मे.
वेल्ह्याला निघालो. तक्ता घेतला नाही. गेनूला थांबवायचं. स्पष्ट सांगायचं : मी समुद्र पाहिलेला नाही, बोट बुडते. वाटभर हेच घोकलं. गुंजवणीच्या काठी मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. जमतं.

५ मे, वेल्हे.
गेनू परवाच गेला. बहिणीच्या लग्नाची हळद अंगावर होती म्हणे.
धोंडाबाईनं ओसरीवर घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. शेजारणींना हाक मारून सांगितलं, गेनूचं मास्तर आल्यात. मग समोर बसली. "घाईत घोंगडं न्हेलं न्हाई वो त्यानं. तितं पान्यावर थंडी लई आसंल न्हवं, मास्तर?"
वाक्य अगदी ओठांवर होतं.
म्हटलं, नाही. आत उबदार असतं.